आपल्या नदीमुखांतील कालवे : जीवन आणि जतन



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, ते या शाळेत शास्त्र शिकवीत असत. मी आयुष्यभर मराठी शिकवले. त्यामुळे यंदाच्या व्याख्यानासाठी मी 'कालव' हा विषय कळविला तेव्हा आपल्या वाचनात काही चूक तर होत नाही ना, असे कार्यवाहांनी मला दूरध्वनीवरून विचारले. चूक नव्हती. १९६३-६४ च्या सुमारास गुरुजी आम्हा मुलांना सुकतीच्या वेळी खाडीकाठी घेऊन जात. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या खडकांवर खडबडीत, धारदार, राखी रंगाचे थर दिसत. त्यांकडे बोट दाखवून ते विचारीत, "हा दगड की जीव?" आम्ही एकमुखाने 'दगड' म्हणत असू. मग ते त्यावर थोडे पाणी ओतायला लावीत आणि वाट पाहायला सांगत. आमची अशी परीक्षा त्यांनी अनेकदा घेतली. आज त्यांच्या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देण्याचा माझा विचार आहे. या विषयाकडे वळण्याचे दुसरे एक कारण माझ्या स्वतःच्या हातून घडलेल्या चुकीचे आहे. ते योग्य ठिकाणी सांगेन.

शब्दांपासून आरंभ

माझा व्यवसाय शब्दांचा असल्याने तेथूनच सुरुवात करतो. 'कालवे' म्हटले की देशावरच्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे शेताला पाणी नेणारे पाट येतात. तो 'कालवा' पुल्लिंगी. आपला प्राणी 'कालव' नपुंसकलिंगी. अनेकवचनात दोन्ही एकरूप होतात आणि घोटाळा होतो. जेवणातले 'कालवण' हे 'कालवणे' या क्रियापदापासून आलेले आहे, त्याचे या प्राण्याशी नाते जोडता येत नाही. गोव्यात कोकणी बोलणारे 'कालवां' म्हणतात आणि कोणाचाही घोटाळा होत नाही, कारण येथे कालवां ही ताटातली वस्तू आहे.

संस्कृतातील 'शुक्ती' आणि प्राकृतातील 'सिप्पी' ही नावे कवचाला धरून आहेत. आपला 'शिंपला' प्राकृत शब्दाच्या जवळचा. वेदान्ताच्या अभ्यासकांना शुक्तिरजताचा दृष्टांत परिचित असतो. दुरून चकाकणारी शिंप रुपे वाटते, जवळ गेल्यावर ती शिंपच ठरते. आपल्या लोकसमजुतीत तर स्वाती नक्षत्राचा पावसाचा थेंब शिंपल्यात पडून त्याचा मोती होतो. शास्त्र वेगळे सांगते. कवचाला आतून अस्तर असणाऱ्या नाजूक पडद्याला प्रावार म्हणतात. त्यातील पेशी काही कारणाने आत ढकलल्या गेल्या, की त्यांच्याभोवती थरावर थर चढत जातात आणि मोती तयार होतो. १९७३ साली तुतिकोरिन येथे के. अलगरस्वामी यांनी याच तत्त्वावर भारतात संवर्धित मोती तयार करून दाखविला.

मात्र मोत्यांची शिंपली आणि खाण्याचे कालव ही एकाच कुळातली नव्हेत. खाद्य कालवाच्या कवचाला मोतिया झळाळी देणारा थर नसतो. त्यात चुकून खडा सापडला तरी जवाहिऱ्याच्या दृष्टीने त्याला किंमत नाही. आज मी ज्या तिसऱ्या प्राण्याविषयी सविस्तर बोलणार आहे, तो तर या दोघांहून निराळ्या कुळातला आहे. लोकव्यवहारात मात्र या तिघांनाही एकच नाव मिळाले आहे.

खडकावरचे आणि खाडीतले कालव

आपल्या किनाऱ्यावर खाद्य कालवांच्या मुख्यतः तीन जाती आढळतात. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांना घट्ट चिकटून राहणारे, कडा दातेरी असलेले लहान कालव म्हणजे 'सॅकोस्ट्रिया कुकुलाटा'. मुंबईच्या किनाऱ्यावरील याच कालवाची शरीररचना पी. आर. अवटी आणि एच. एस. राय यांनी १९३१ साली 'इंडियन झूलॉजिकल मेमॉयर्स' या मालेत तपशीलवार वर्णन केली. प्राणिशास्त्राच्या अनेक पिढ्यांनी कालव शिकले ते या पुस्तिकेवरून. खाड्यांत आणि नदीमुखांत वाढणारे मोठे कालव दोन प्रकारचे आहेत. एकाला बराच काळ 'क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस' म्हणत, अलीकडे शास्त्रज्ञ त्याला 'मॅगालाना बायलिनिएटा' म्हणू लागले आहेत. दुसरे 'ग्रिफॉइडिस' या जातीचे असून ते पश्चिम किनाऱ्यावर विशेष आढळते.

कालवाचे दोन शिंपले सारखे नसतात. डावा खोलगट असतो व तो खडकाला जखडलेला असतो, उजवा झाकणासारखा चपटा असतो. दोघांना ओढून धरणारा एकच बळकट स्नायू असतो. ओहोटीला उघडे पडल्यावर हा स्नायू आखडतो, कवच मिटते आणि आत थोडे पाणी धरून कालव उन्हात तासन् तास तग धरते. आमच्या नदीमुखांत पावसाळ्यात वरच्या थरातील पाणी जवळजवळ गोडे होते आणि उन्हाळ्यात समुद्राइतके खारट. एवढा फरक फार थोड्या प्राण्यांना सोसतो. खाडीतील कालव ज्या सहनशक्तीने तो सोसते तिच्यात या कवचबंदीचा मोठा वाटा आहे.

त्याचे अन्न पाण्यातूनच येते. कल्ल्यांवरील सूक्ष्म केसांच्या हालचालीने ते पाणी आत ओढते, त्यातील सूक्ष्म वनस्पती आणि कण गाळून घेते व पाणी बाहेर टाकते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जातीचे पूर्ण वाढलेले कालव दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते, असा आकडा वारंवार दिला जातो. ती अनुकूल परिस्थितीतील कमाल मर्यादा आहे, रोजची सरासरी नव्हे. तरीही हजारो कालवांची वस्ती जेथे असते तेथे पाण्याच्या स्वच्छतेवर तिचा परिणाम होतो यात शंका नाही. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवावी. गाळणाऱ्याच्या पोटात चांगल्याबरोबर वाईटही जाते. खाडीत गटाराचे पाणी सोडले तर त्यातील रोगजंतू कालवात साठतात. म्हणून कालव खाण्यायोग्य आहे की नाही, हा प्रश्न शेवटी आपण नदीला कसे वागवतो याचाच प्रश्न असतो.

वंशवृद्धीची रीत अशी. या जातींची कालवे प्रथम बहुधा नर असतात, पुढे त्यांतील अनेक मादी होतात. अंडी आणि शुक्रजंतू पाण्यातच सोडले जातात. एक मादी एका वेळी लक्षावधी, कधी कोट्यवधी अंडी सोडते. त्यांतून निघालेली सूक्ष्म पिले दोन-तीन आठवडे प्रवाहाबरोबर तरंगतात. नंतर त्यांना एक लहानसा पाय आणि डोळ्यासारखा ठिपका येतो. त्या पायाने ती तळ चाचपतात आणि टणक जागा सापडली की आपल्याच शरीरातून निघालेल्या द्रवाने डावा शिंपला तेथे चिकटवून टाकतात. त्यानंतर आयुष्यभर जागा बदलता येत नाही. पाय नाहीसा होतो.

टणक जागा म्हणजे काय, याचे उत्तर फार महत्त्वाचे आहे. खाडीचा तळ बहुतेक चिखलाचा असतो. चिखलात पिलू गुदमरते. त्याला उत्तम आधार मिळतो तो पूर्वीच्या पिढ्यांच्या कालवांच्या कवचाचा. म्हणजे मेलेली कालवे जिवंत कालवांना घर पुरवतात. आपण मात्र शिंपले उचलून चुन्याच्या भट्टीत घालत आलो. जुन्या गोव्यातील देवळे, चर्चे आणि वाडे ज्या चुन्याने बांधले गेले त्यात शिंपल्यांचा चुना मोठ्या प्रमाणावर होता. शिंपल्यातले मांस खाल्ले तर एक पिढी कमी होते, शिंपलेही नेले तर पुढच्या पिढीचा पायाच जातो.

कालवांनी शिकविलेला धडा

हा हिशेब जगात प्रथम स्पष्टपणे मांडला तो कार्ल म्यॉबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. ते कील विद्यापीठात प्राध्यापक होते. प्रशियाच्या सरकारने त्यांना कालवांच्या शेतीचा अभ्यास करण्यास सांगितले. उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील वस्त्या पाहून त्यांनी १८७७ साली कालव आणि कालवव्यवसाय यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. कालवांच्या वस्तीत केवळ कालवे नसतात; स्पंज, खेकडे, कृमी, इतर शिंपले, मासे असे अनेक जीव तेथे परस्परांच्या आधाराने व स्पर्धेने राहतात आणि त्यांची संख्या एकमेकांच्या संख्येने ठरते, हे त्यांच्या लक्षात आले. अशा सहजीवनाला त्यांनी 'बायोसिनोसिस' हा नवा शब्द दिला. मराठीत आपण त्याला 'जीवसमाज' म्हणू. पर्यावरणशास्त्राच्या पायाभूत संकल्पनांपैकी एक अशी कालवांच्या निरीक्षणातून जन्माला आली.

म्यॉबियस यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. रेल्वे येण्यापूर्वी कालवे किनाऱ्याजवळच खपत. रेल्वेने ती दूरच्या शहरांत पोहोचू लागली, मागणी आणि किंमत वाढली आणि वस्त्या उपसल्या गेल्या. मादी लक्षावधी अंडी घालते, मग कालवे संपतील कशी, असा युक्तिवाद त्या काळीही होत असे. त्यांनी दाखवून दिले की अंडी लक्षावधी असली तरी मोठी होणारी पिले अगदी मोजकी असतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेवर दुसरे जीव कब्जा करतात. पुढे विसाव्या शतकात त्या किनाऱ्यावरचे मूळ युरोपीय कालव नाहीसे झालेच.

ही गोष्ट केवळ जर्मनीची नाही. अमेरिकेतील चेसापीक उपसागरात १८८० च्या दशकात कालवांची पकड शिखराला पोहोचली होती. आज तेथील कालवांची संख्या मूळच्या एक-दोन टक्क्यांवर आली आहे असे मानतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत कालवांच्या शिळावजा वस्त्यांपैकी अंदाजे ८५ टक्के नष्ट झाल्याचे म्हटले आहे. सुदैवाने उलट दिशेचे प्रयत्नही झाले आहेत. चेसापीकमधील हॅरिस क्रीक या उपखाडीत २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकर तळावर टणक आधार व कालवांची पिले टाकून वस्ती पुन्हा उभी करण्यात आली. तेथील उपाहारगृहांतून रिकामे शिंपले गोळा करून पाण्यात परत नेले जातात. जे शिंपले आपण उकिरड्यावर टाकतो, ते तेथे भांडवल ठरले आहेत.

खिडकीतले शिंपले

आता आपल्या अगदी जवळच्या प्राण्याकडे येतो. जुन्या गोव्यातील घरांच्या खिडक्यांना काचेच्या जागी शिंपल्यांची तावदाने असत, हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले आहे. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चौकोनी कापलेले अर्धपारदर्शक शिंपले एकाखाली एक सरकवलेले असत. उन्हाची तीव्रता त्यातून आत येत नसे, परंतु मऊ, दुधाळ उजेड येई. सतराव्या शतकाच्या आरंभी गोव्यात राहिलेल्या पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशानेही या खिडक्यांची नोंद केली आहे. पोर्तुगीज भाषेत 'कारेपा' म्हणजे खवला. तोच शब्द या तावदानांना लागला.

हे शिंपले ज्याचे, त्या प्राण्याचे शास्त्रीय नाव 'प्लॅक्युना प्लॅसेंटा'. तो खऱ्या कालवांच्या कुळातला नाही, तरी लोक त्याला कालवच म्हणतात. आकार जवळजवळ गोल, व्यास साधारण १० ते १५ सेंटिमीटर, आणि दोन्ही शिंपले इतके चपटे की आत प्राण्याला जागा कोठे असेल असा प्रश्न पडावा. हा प्राणी खडकाला चिकटत नाही. शांत, उथळ उपसागराच्या मऊ चिखलावर तो आडवा पडून राहतो. त्याच्यातही नर आणि मादी वेगवेगळे असतात, आणि पिले काही दिवस पाण्यात तरंगून मग तळाशी बसतात. त्याचेही अन्न पाण्यातून गाळलेलेच.

त्याच्या कवचाचे नवल अलीकडे अधिक समजले. २०१४ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी या शिंपल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. वजनाने सुमारे ९९ टक्के कॅल्साइट, म्हणजे खडूच्याच जातीचे खनिज, आणि केवळ एक टक्का सेंद्रिय द्रव्य. तरीही आघाताची शक्ती जिरविण्यात हा शिंपला शुद्ध कॅल्साइटपेक्षा सुमारे दहापट सरस ठरला. अत्यंत पातळ थरांच्या रचनेमुळे टोचल्याची इजा त्या जागेपुरतीच राहते, तडा सर्वत्र पसरत नाही. आणि हे सारे करूनही तो प्रकाश आरपार जाऊ देतो. आमच्या पूर्वजांना यातले काही ठाऊक नव्हते, परंतु पावसाळी वाऱ्यात टिकणारे तावदान त्यांनी बरोबर ओळखले होते.

या प्राण्याच्या अभ्यासाशी एका मराठी संस्थानाचा संबंध आहे, हे सांगताना मला विशेष आनंद होतो. सौराष्ट्राच्या टोकाचा ओखामंडळ हा प्रदेश बडोदे संस्थानात होता. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकिर्दीत बडोदे सरकारने जेम्स हॉर्नेल या सागरी जीवशास्त्रज्ञाकडून तेथील समुद्राची पाहणी करवून घेतली. तिचा पहिला भाग १९०९ साली आणि दुसरा १९१६ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या भागात हॉर्नेल यांनी या तावदानी शिंपल्याची शरीररचना, त्याचा प्रसार आणि त्याचे उपयोग यांचा परामर्श घेतला आहे. या शिंपल्यातही बारीक मोती मिळतात. दागिन्यांना ते फारसे चालत नाहीत, परंतु औषधासाठी त्यांना मागणी असे. एखाद्या संस्थानाने आपल्या किनाऱ्यावर काय आहे याची आधी नीट नोंद करावी आणि मग त्याच्या उपयोगाचा विचार करावा, हा क्रम शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी पाळला गेला होता.

फिलिपाइन्समध्ये याच शिंपल्यांपासून दिवे, तबके, पडदे यांचा मोठा व्यापार उभा राहिला. तेथे त्याला 'कापिझ' म्हणतात. अतिउपसा आणि तळ खरवडून काढण्याच्या पद्धतीमुळे तेथील अनेक वस्त्या ओसाड झाल्या. लहान आकाराचे शिंपले वेचू नयेत असे नियम तेथील सरकारला करावे लागले.

झुआरीच्या मुखाशी

गोव्यात या प्राण्याची वस्ती मुख्यतः झुआरी नदीच्या मुखाजवळ आहे. दक्षिण काठावरचा चिखलीचा उपसागर आणि उत्तर काठावरची नावशीची खाडी ही त्याची प्रसिद्ध ठिकाणे. लाटांचा जोर नसलेला, उथळ, चिखलाचा तळ आणि भरतीबरोबर येणारे ताजे अन्न, या सर्व अटी एकत्र जुळणाऱ्या जागा मोजक्याच असतात. अशी जागा बिघडली तर प्राण्याने दुसरीकडे जावे असे म्हणण्यात अर्थ नाही, कारण मोठे झालेले शिंपले दूर जाऊ शकत नाहीत आणि पिलांना उतरायला तशीच जागा लागते.

या जागांवर कशाकशाचा भार पडला ते पाहू. मांडवी आणि झुआरी या नद्यांतून अनेक दशके बार्जेस लोहखनिज मुरगाव बंदराकडे नेत होत्या. खाणींच्या उघड्या डोंगरांवरून पावसाळ्यात वाहून आलेली माती नद्यांत उतरत होती. २०१२ साली खाणकाम थांबले, नंतर काही काळ पुन्हा सुरू झाले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले. अर्थकारणाच्या दृष्टीने त्या निकालाची चर्चा खूप झाली. नदीच्या तळाशी बसलेल्या मातीची चर्चा त्या मानाने थोडी झाली. बारीक गाळ कल्ल्यांत अडकला की गाळून खाणाऱ्या प्राण्याचा श्वास आणि घास दोन्ही अडतात. त्याशिवाय बंदराचे तळ खोल करण्याचे काम, जहाजदुरुस्तीच्या गोद्या, वाढत्या वस्तीचे सांडपाणी हे आहेच. नावशी येथे आणि चिखलीलगतच्या सांकवाळच्या उपसागरात मरिना बांधण्याचे प्रस्ताव पुढे आले तेव्हा मच्छीमारांनी व ग्रामस्थांनी विरोध केला. त्यांच्या विरोधाच्या कारणांत या शिंपल्यांचाही उल्लेख होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. एरवी ज्याला मत नाही आणि आवाज नाही अशा प्राण्याचे नाव सभेत घेतले गेले.

कायद्यानेही त्याची दखल घेतली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत २००१ साली काही मृदुकाय प्राण्यांची नावे घालण्यात आली, त्यांत या तावदानी शिंपल्याचे नाव होते. वाघ आणि हत्ती ज्या कायद्याने जपले जातात त्याच कायद्यात चिखलात पडून राहणारा हा जीव आला. तथापि कायद्याच्या पुस्तकातले नाव खाडीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. हे शिंपले ओहोटीला हाताने वेचून त्यातले मांस खाणारी, विकणारी कुटुंबे तेथे आहेत. त्यांना गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटणार नाही. खाडी ज्यांनी सर्वांत अधिक पाहिली आहे त्यांनाच खाडीबाहेर काढल्यास तिची राखण करायला कोणीही उरणार नाही.

माझा हिशेब

आता ते दुसरे कारण सांगतो. तिसवाडीतील आमच्या जुन्या घराला शिंपल्यांच्या खिडक्या होत्या. बरीच तावदाने गळून पडली होती आणि त्या जागी पत्रे ठोकले होते. १९९७ साली मी घराची दुरुस्ती केली. त्या काळी वारसाजतनाचा विचार नुकताच लोकांत रुजत होता आणि मीही त्या उत्साहात होतो. काच बसवावी असे सुताराने सुचविले. मी ते मानले नाही. मूळ होते तसेच झाले पाहिजे, असा माझा आग्रह होता. शिंपले मिळवून देणारा एक माणूस सुतारानेच शोधला. पोते आले, सुताराने शिंपले कापले, खिडकी पूर्ववत झाली. येणारे-जाणारे थांबून पाहत. मी संस्कृतिसंवर्धनावर एक लेखही लिहिला.

ते शिंपले कोठून आले, हे मी विचारले नाही. समुद्रकाठी मेलेले शिंपले वाहून येतात, तसेच असतील, असे मी स्वतःशी गृहीत धरले. पोत्याला ओला, ताज्या मांसाचा वास येत होता, हे मला नंतर पुष्कळदा आठवले. निवृत्तीनंतर या प्राण्याविषयी वाचू लागलो तेव्हा एके दिवशी त्या खिडकीपुढे बसून मी तावदाने मोजली. दोन झडपा, प्रत्येकीत बारा ओळी, ओळीत सहा. एकूण १४४. एका प्राण्याचे दोन शिंपले, म्हणजे किमान ७२ जीव. तोच हिशेब चार खिडक्यांना लावला तर २८८. कापताना फुटलेले वेगळे.

त्या वेळी हा प्राणी कायद्याच्या अनुसूचीत नव्हता, त्यामुळे मी कायदा मोडला असे नाही. परंतु एक वारसा जपण्यासाठी मी दुसरा वारसा उपसला, आणि त्याचे मला भानही नव्हते. आमच्या पूर्वजांनीही हेच केले असे कोणी म्हणेल. त्यांच्या वेळी नदी धडधाकट होती आणि अशी घरे मोजकी होती. आज नदी थकलेली आहे, आणि हौशीने जुने घर सजविणारे माझ्यासारखे लोक वाढले आहेत. मागणी वाढल्यावर वस्तीचे काय होते हे म्यॉबियस यांनी १८७७ मध्येच सांगून ठेवले आहे.

काय करता येईल

उपाय मोठ्या संस्थांनीच करावयाचे असतात असे नाही. जुन्या खिडक्या असणाऱ्यांनी त्या जरूर जपाव्यात, परंतु दुरुस्तीसाठी पडलेल्या, मोडलेल्या घरांतील जुनीच तावदाने वापरावीत. ती शेकडो वर्षे टिकतात. न मिळाल्यास दुधी काच लावावी आणि ती काच आहे हे सांगण्यात कमीपणा मानू नये. नव्याने काढलेल्या शिंपल्यांची शोभेची वस्तू कोणी विकावयास आणली तर ती कोठून आली हे विचारावे. मी विचारले नाही, आपण विचारा.

खाद्य कालवांच्या बाबतीत वेगळा मार्ग मोकळा आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तुतिकोरिन येथे १९७० च्या दशकापासून कालवशेतीची पद्धत विकसित केली. रिकाम्या शिंपल्यांच्या माळा करून त्या पाण्यात टांगतात, त्यांवर पिले बसतात आणि तेथेच वाढतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खाड्यांत महिलांच्या बचत गटांनी अशा शेतीचे प्रयोग केले आहेत. जेथे पाणी स्वच्छ आहे तेथे या मार्गाने खडकावरच्या रानटी वस्तीवरचा भार कमी होऊ शकतो. पाणी स्वच्छ नसेल तर मात्र माळा टांगून उपयोग नाही. म्हणून सांडपाण्याचा प्रश्न पहिला.

तिसरी गोष्ट नोंदींची. २००२ च्या जैविक विविधता अधिनियमानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते. महत्त्वाच्या जागांना जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित करण्याची तरतूदही त्यात आहे. चिखलीच्या ग्रामस्थांनी आपल्या उपसागरासाठी आवाज उठवून याची दिशा दाखविली आहे. १९६६ साली स्थापन झालेली, दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आपल्या दाराशी आहे. शास्त्रज्ञांचे मोजमाप आणि वेचणाऱ्या स्त्रियांचे अनुभव एकाच वहीत आले, तर उपसागराचा कोणता भाग काही वर्षे राखीव ठेवावा, किती लहान शिंपला उचलू नये, कोणत्या महिन्यांत हात लावू नये, हे गावालाच ठरविता येईल आणि गावाने ठरविलेले गाव पाळतेही.

शेवटी शाळेकडे वळतो. या संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून एकदा, उधाणाच्या दिवशी पूर्ण सुकती असताना, सातवी-आठवीच्या मुलांना खाडीवर न्यावे. एक ठरावीक खडक निवडावा, त्यावर एक हात लांब व एक हात रुंद चौकोन आखावा आणि त्यातील जिवंत कालवे मोजून वहीत लिहावीत. दरवर्षी तोच खडक, तोच चौकोन. वहीचा आणि दोरीचा खर्च माझ्याकडून स्वीकारावा. पंचवीस वर्षांनी त्या वहीत जो आलेख दिसेल तो कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलेल. गुरुजींनी आम्हाला नेले, दाखविले, परंतु आम्ही काही लिहून ठेवले नाही. त्यामुळे तेव्हा त्या खडकावर किती कालवे होती हे आज मला सांगता येत नाही. फार होती, एवढेच आठवते.